हक्क दिले कुणी?

10 डिसेंबरच्या मानवी हक्क दिनाला कुठल्याही कॉलेजात भाषण झालं की त्यात एक वाक्य हमखास येतं : "घटनेने आपल्याला हक्क दिले आहेत." टाळ्या पडतात, अटेंडन्स लागते, पब्लिक मेसकडे वळतं. माझं भांडण त्यातल्या 'दिले' या शब्दाशी आहे. दिलेली वस्तू देणारा परत मागू शकतो. मग हक्कही परत मागता येतात का? प्रश्न वाटतो तेवढा रिकामटेकडा नाही. आपल्या महाराष्ट्रातच तो एका तळ्याच्या काठी उभा राहिला आणि जवळजवळ दहा वर्षं कोर्टात फिरला.

महाडचं चवदार तळं आपल्याला शाळेच्या पुस्तकापुरतं माहीत असतं. 20 मार्च 1927, डॉ. आंबेडकर, ओंजळभर पाणी, दोन मार्क. पुढची कोर्टकचेरी सहसा कुणी सांगत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

त्याआधीचं थोडं. 1923 मध्ये सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव आणला की सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. तो मंजूर झाला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही तळ्याबाबत तसाच ठराव केला. म्हणजे हक्क 'दिला'. कागदावर! प्रत्यक्षात तीन वर्षं कुणाची तिथे जायची सोय नव्हती. 1927 मध्ये लोक गेले, पाणी प्यायले, परत येताना मार खाल्ला. गावाने शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं. आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. दिला तसा काढून घेतला.

इंग्लंडमधला बेंथम हे बघायला असता तर म्हणाला असता, "मग त्यात चुकलं काय?" 1789 च्या फ्रेंच जाहीरनाम्याने माणसाला जन्मतः हक्क असतात असं म्हटलं, तेव्हा या गृहस्थाने त्याची यथेच्छ टर उडवली होती. त्याचं म्हणणं सरळ होतं : हक्क कायद्यातून येतो, कायद्याआधीचा हक्क ही नुसती कविकल्पना. आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांना हे पटकन पटतं. करंट आहे म्हणता ना, मग सोर्स दाखवा. पण बेंथमचं मानलं तर ऑगस्ट 1927 नंतर महाडच्या अस्पृश्यांकडे तक्रार करायलाही काही उरत नाही. सोर्सच बंद झाला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचं ठरलं, तर त्याआधीच गावातल्या काही सवर्णांनी दावा ठोकून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. 25 डिसेंबरला परिषद भरली. मनुस्मृती जाळली ती याच परिषदेत, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण याच परिषदेने हक्कांचा एक जाहीरनामाही संमत केला, आणि आंबेडकरांनी अध्यक्षीय भाषणात थेट 1789 च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी तुलना केली, हे किती जणांना माहीत आहे? नुसतं पाणी प्यायला आपण तळ्यावर जात नाही, इतरांसारखीच आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला जातोय, असा त्यांचा मुद्दा होता. मानवी हक्क हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, युनोने 1948 मध्ये आपल्या गळ्यात मारलं, असं कट्ट्यावर ऐकवणाऱ्यांनी तारीख बघावी. महाडचा जाहीरनामा 21 वर्षं आधीचा आहे. आणि त्याच्याही आधी जोतीराव फुल्यांनी टॉमस पेन वाचला होता, 1873 ची 'गुलामगिरी' त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केली होती. असो.

मनाई हुकमाचा मान राखून सत्याग्रह पुढे ढकलला गेला आणि खटला सुरू झाला. मांडवात भाषा माणुसकीची होती, कोर्टात ती बदलली. कोर्टात प्रश्न असा नव्हताच की माणसाला तळ्यावर पाणी प्यायचा हक्क आहे का. प्रश्न होता, तळं कुणाच्या मालकीचं आणि अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे का. 1931 मध्ये खालच्या कोर्टाने फार नेमकं सांगितलं : एका गटाने तळं वापरलं आणि दुसऱ्याने वापरलं नाही, एवढ्याने पहिल्याला हक्क मिळत नाही आणि दुसऱ्यावर बंधनही येत नाही. ठाण्याच्या अपिलात तोच निकाल कायम. शेवटी 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनीही अपील फेटाळलं. (हेच ब्रूमफील्ड 1922 मध्ये अहमदाबादला जज्ज होते आणि गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा त्यांनीच सुनावली होती.)

आंबेडकर जिंकले. पण कशावर? रूढी अनादी असल्याचं वादींना सिद्ध करता आलं नाही, यावर. सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध आहे का, याचा कदाचित विचार करावा लागला असता, असं कोर्ट म्हणतं. कदाचित! म्हणजे साक्षीपुरावा जरा भक्कम असता तर? मला विचाराल तर हा विजय वाचून आनंदापेक्षा धडकीच जास्त भरते.

अनादी म्हणजे किती जुनं, यावरून आठवलं. जुन्या इंग्रजी कायद्यात त्याची हद्द 1189 साल अशी ठरलेली होती. हॉस्टेलमध्ये ती चार वर्षं असते, कारण त्याआधीची बॅच कुणी पाहिलेलीच नसते. तरी 'इथे पहिल्यापासून असंच चालतं' हे वाक्य फर्स्ट इयरच्या पोराला असं ऐकवतात की जणू शिलालेखच सापडलाय. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात 1999 पासून कायदा आहे, पण या वाक्यापुढे तो बिचारा कपाटातच राहतो.

घटना लिहिताना महाड कुणी विसरलं नव्हतं, हे कलमं वाचली की कळतं. कलम 15 च्या दुसऱ्या पोटकलमात विहिरी, तलाव, स्नानघाट यांची चक्क यादी आहे. कलम 13 प्रमाणे मूलभूत हक्कांच्या आड येणारा कायदा रद्दबातल, आणि तिथे 'कायदा' या शब्दात रूढीही धरलेली आहे. आता ती कितीही जुनी असो, उपयोग नाही.

तरीही 'दिले' चा गुंता सुटला नव्हता. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्या लोकांनी कोर्टात धाव घेतली, तेव्हा सरकारचं म्हणणं होतं की कलम 21 साठी कोर्टात जाण्याची वाट राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद आहे, त्यामुळे दाद नाही. न्या. खन्ना यांनी विचारलं, एखाद्या पोलिसाने वैरापोटी कुणाचा जीव घेतला तर? तरीही आणीबाणी असेपर्यंत दाद नाही, असं अॅटर्नी जनरलनी सांगितलं. एप्रिल 1976 मध्ये सुप्रीम कोर्टाने 4 विरुद्ध 1 मतांनी ते मान्य केलं! तो एक म्हणजे खन्ना. जगण्याचा हक्क काही कलम 21 मधूनच जन्माला आलेला नाही, असं त्यांनी लिहिलं. 1977 मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला.

हा निकाल चुकीचा होता असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी 2017 मध्ये सांगितलं. 1976 च्या चार जणांत न्या. यशवंत चंद्रचूड होते. 2017 चा मुख्य निकाल लिहिला त्यांच्या मुलाने, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. जीवन आणि स्वातंत्र्य ही राज्याने केलेली मेहेरबानी नाही आणि घटनेनेही ते हक्क निर्माण केलेले नाहीत, असं त्यात स्पष्ट आहे. बेंथमला उत्तर मिळालं, पण त्याचंही एक खरं आहे : हक्क आधीपासून असला तरी तो राखायला कायदा आणि एखादा खन्ना लागतोच.

हे सगळं हॉस्टेलवाल्यांनी का वाचावं? 2019 मध्ये केरळात एका मुलींच्या हॉस्टेलमध्ये संध्याकाळी 6 ते 10 मोबाईल जमा करायचा नियम होता. एका विद्यार्थिनीने तो पाळायला नकार दिला, तिला काढून टाकलं, ती हायकोर्टात गेली. कोर्टाने याच 2017 च्या निकालाचा आधार घेऊन तिला परत घ्यायला सांगितलं. शिस्त नको असं कोर्ट म्हणालं नाही, मीही म्हणत नाही. रात्री दोनला पालकांचा फोन रेक्टर सरांनाच येतो, आपल्याला नाही. माझी सूचना छोटीशी आहे. हॉस्टेलच्या नियमावलीत प्रत्येक नियमापुढे एक कॉलम वाढवावा : 'कारण'. सर-मॅडमनी तो भरावा, आणि सिनिअर्सनी आपल्या न लिहिलेल्या नियमांचाही भरावा. ज्याच्यापुढे 'पहिल्यापासून आहे' एवढंच लिहिता येईल, तो नियम पुढच्या हॉस्टेल मीटिंगमध्ये सगळ्यात आधी चर्चेला घ्यावा.