आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

गेल्या अंकात टायरांविषयी लिहिलं, तेव्हा दोन-तीन वाचकांनी फर्माईश केली की आता क्लचवर लिहा. क्लच म्हटलं की आमच्या सौ. अजून हसतात. तेव्हा ती हकीकत आधी सांगून टाकतो.

दिवाळीच्या कार्यक्रमाहून आम्ही सहकुटुंब ऑकलंडहून हॅमिल्टनला परतत होतो. शहराबाहेर पडायलाच तास लागला. दहा पावलं चाला, थांबा, पुन्हा चाला. पुढे बॉम्बे हिल्सचा चढ. (एकोणिसाव्या शतकात वसाहतकऱ्यांना घेऊन आलेल्या 'बॉम्बे' नावाच्या जहाजावरून हे नाव पडलं.) चढावर इंजिन ओरडू लागलं, आरपीएमचा काटा वर आणि गाडीचा वेग मात्र खाली. मागे मोठा ट्रक, मागच्या सीटवर दोन्ही मुलं. कशीबशी गाडी कडेला घेतली. जळका वास सुटला होता. अर्ध्या तासाने तीच गाडी गुमान चढ चढली!

दुखणं नवं नव्हतं. दीड वर्षात क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटचा संच दोनदा बदलून झाला होता, तोही दोन वेगळ्या गॅरेजांत. नवा संच बसला की काही महिने सुखाचे, मग पुन्हा तेच. त्या पैशांत आईला भेटायला नाशिकला जायचं होतं, ते राहिलं. आता तिसऱ्या गॅरेजने तिसऱ्या संचाचा अंदाज दिला. मेकॅनिकलची इथली मास्टर्स पदवी भिंतीवर टांगून आम्ही मुकाट्याने पाकीट उघडलं.

तेव्हा सौ. म्हणाल्या, "पोराला ताप आला की डॉक्टर आधी काय विचारतात? कधीपासून? ते या गाडीबद्दल कुणी विचारलंय का?"

आम्ही सगळ्या पावत्या तारखेवार मांडल्या. सर्वात जुनी पावती क्लच प्लेटची नव्हतीच. ती होती मास्टर सिलिंडर बदलल्याची! त्याआधी सहा वर्षं क्लच एकदाही घसरला नव्हता.

आता यंत्र समजून घेऊ. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं तेल नळीवाटे स्लेव्ह सिलिंडरला रेटतं आणि क्लच सुटतो. पाय काढला की एका बारीक भोकातून वरच्या टाकीकडे जायची वाट मोकळी होते. त्यासाठी पेडलच्या पुशरॉडला किंचित मोकळीक लागते. आमचा नवा सिलिंडर बसवताना ती ठेवलीच नव्हती, त्यामुळे भोक कायम झाकलेलं. गार असताना काही जाणवत नसे. गर्दीत तेल तापून फुगलं की परतीची वाट बंद, मग ते स्लेव्ह सिलिंडरलाच रेटणार. म्हणजे पेडलवर कुणाचा पाय नसताना क्लच अर्धा दाबलेला! नवी प्लेट जळेल नाहीतर काय होईल?

याची परीक्षा सोपी आहे. क्लच घसरत असतानाच गाडी गॅरेजात न्यावी, इंजिन बंद करून स्लेव्ह सिलिंडरचा ब्लीड निपल क्षणभर उघडायला सांगावा. तेल दाबाने उडालं आणि क्लचने पुन्हा पकड घेतली, तर रोग तेलाच्या वाटेत आहे. जुनी रबरी नळी आतून फुगली तरी हेच होतं. तसं नसेल तर उतरवलेली प्लेट मागून पाहावी. ती तेलकट असेल, तर क्रँकशाफ्टचा मागचा किंवा गिअरबॉक्सचा पुढचा सील गळतोय. तो न बदलता प्लेट बदलणं म्हणजे पैसे पाण्यात.

गिअर पडताना खरखरत असतील तर तक्रार उलटी. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू असताना पडत नाहीत, तर क्लच पुरता सुटत नाही. हायड्रॉलिकमध्ये हवा किंवा गळती आहे का ते आधी बघा. एकच गिअर खरखरत असेल, तर मात्र संशय गिअरबॉक्सवर. ऑटोमॅटिकवाल्यांनी तेलाची पातळी आणि प्रकार प्रथम तपासून घ्यावा. सीव्हीटीला तिचंच तेल लागतं. आणि वॉरंट ऑफ फिटनेसवर विसंबू नका, त्यात क्लच-गिअरबॉक्स तपासत नाहीत.

आम्ही पावत्या घेऊन पहिल्या गॅरेजात गेलो. मालकाने स्वतः पेडल दाबून पाहिलं, गप्प झाला, आणि पुशरॉड नीट लावून जळलेला संच स्वखर्चाने बदलून दिला. त्याने नकार दिला असता तरी १९९३चा कन्झ्युमर गॅरंटीज ॲक्ट पाठीशी होता. काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने करणं ही कारागिराची जबाबदारी. चूक सुधारायची संधी आधी त्याला द्यावी. त्याने टाळाटाळ केली तर दुसरीकडून करून घेऊन वाजवी खर्च मागता येतो, आणि तेही न जमल्यास डिस्प्यूट्स ट्रायब्युनल आहे. तिथे वकील लागत नाही, पावत्या मात्र लागतात.

म्हणून मंडळी, पावत्या जपा. आणि काय बदलायचं हे विचारण्याआधी कधीपासून हे विचारा. नाशिकची तिकिटं आम्ही पुढच्या वर्षी काढली. रजा घेतो.