उशाखालीं निखारा

ज्या घरांत तंबाखूचा धूर कधीं शिरला नाहीं, त्या घरांतील मंडळींनीं धूम्रपानाच्या एका नव्या यंत्राची माहिती कां करून घ्यावी, असा प्रश्न हा लेख वाचावयास घेतांना पुष्कळ वाचकांच्या मनांत येईल. गेल्या पौषापर्यंत माझ्याही मनांत तोच प्रश्न आला असता. परंतु त्या महिन्यांत घडलेल्या एका प्रसंगानें माझें मत पालटलें. आणि ज्याच्यावर तो प्रसंग ओढवला, त्याच्याच अनुमतीनें तो येथें सांगत आहें.

माझ्या धाकट्या बंधूंचा नातू इंग्लंडांत शिकावयास आहे. तेथें तो आपल्या मावशीच्या घरीं राहतो. एके दिवशीं सकाळीं नऊच्या सुमारास मी पूजा आटोपून उठतों तोंच त्याचा फोन आला. तिकडे तेव्हां रात्रीचे साडेतीन वाजले होते. “आजोबा, मावशीला अजून कांहीं सांगितलेलें नाहीं. तुम्ही रागवा, पण आधीं ऐकून घ्या,” असें म्हणून त्यानें हकीकत सांगितली. वर्षभरापासून त्याला इलेक्ट्रॉनिक सिगारेटची, तिकडील मुलांच्या भाषेंत ‘व्हेप’ची, संवय लागली होती. मावशीच्या दृष्टीस पडूं नये म्हणून तो ती दिवसां खिशांत व रात्रीं उशीखालीं ठेवी. आणि चार्जिंगला लावावयाची तीही तेथेंच, मोबाइलच्या चार्जरवर. त्या रात्रीं कानाशीं फुसफुस असा आवाज व उग्र वास येऊन तो जागा झाला. उशी काळी पडून धुमसत होती. त्यानें चार्जर उपटला, ती वस्तु टॉवेलांत धरून न्हाणीघराच्या फरशीवर फेकली, आणि तेथें ती भडकून जळून गेली. तळहातावर फोड आले, एवढ्यावर निभावलें.

आयुष्य शाळेंत गेल्यामुळें उपदेश माझ्या जिभेवर तयारच असतो. तो सुरू करण्यापूर्वीं मीं सहज विचारलें, “तसली आणखी एखादी आहे का?” तो क्षणभर थांबला व म्हणाला, “आहे. कपाटांत, कपड्यांखालीं. तीही चार्जिंगलाच आहे.” उपदेश जेथल्या तेथें राहिला. “आधीं जा आणि ती काढ,” एवढेंच मी म्हणालों.

त्या वेळीं जें ध्यानांत आलें, तेंच आजच्या लेखाचें सार आहे. व्यसनाचा दोष ही एक गोष्ट आणि आगीचा धोका ही दुसरी. व्यसन ज्याचें त्याला हळूहळू बाधतें. आग एका रात्रींत निजलेलें सगळें घर गांठते. लपवून वापरलेली वस्तु चार्जही लपवूनच केली जाते, आणि लपविण्याच्या ज्या जागा, म्हणजे अंथरूण, कपाट, कपड्यांची चळत, त्याच चार्जिंगला सर्वांत वाईट होत. तें कां, हें समजण्यासाठीं या यंत्राच्या अंतरंगांत थोडें डोकावलें पाहिजे.

होन लिक नांवाच्या चिनी औषधतज्ज्ञानें २००३ सालीं या सिगारेटचें आजचें रूप सिद्ध केलें. तींत तंबाखू जळत नाहीं. एक बारीक तार विजेनें तापते, निकोटिन मिसळलेल्या द्रवाची वाफ होते, आणि ती ओढली जाते. ही वीज पुरविणारा घट लिथियम-आयन जातीचा असतो. हा घट १९९१ सालीं जपानांत प्रथम विक्रीस आला. त्याचा पाया घालणाऱ्या तिघां शास्त्रज्ञांस २०१९ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. आपला मोबाइल, पॉवर बँक, दाढीचें यंत्र यांतही तोच घट आहे. तेव्हां वस्तु मुळांत निंद्य नाहीं. मात्र तिचा स्वभाव जाणून वागावें लागतें.

घड्याळांत किंवा टॉर्चमध्यें घालावयाच्या साध्या सेलांत जो द्रव असतो तो पाण्यांत कालविलेला असतो. लिथियम घटांतील द्रव ज्वालाग्राही असतो. तांब्याच्या पत्र्यावर ग्रॅफाइट आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर एका धातूचें ऑक्साइड यांचे लेप देऊन, दोहोंच्या मध्यें केसाहून पातळ असा सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा घालून, त्यांची घट्ट गुंडाळी केलेली असते. घट चार्ज होतो तेव्हां लिथियमचे भारित कण ऑक्साइडांतून निघून, पडदा ओलांडून, ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. यास मर्यादा आहे. बहुतेक घटांत ती ४.२ व्होल्टची असते. तिच्यापुढें वीज रेटली, तर ग्रॅफाइटांत न मावलेलें लिथियम धातुरूपानें वर साचूं लागतें, ऑक्साइड अस्थिर होऊन प्राणवायु सोडूं लागतें, आणि उष्णता वाढत जाते. सुमारें १३० अंश सेल्सिअसला मधला पडदा वितळूं लागतो. मग दोन्ही थर एकमेकांस भिडतात, आणि त्यापुढें उष्णतेनेंच उष्णता वाढते. बाहेरची वीज तोडली तरी ती थांबतेच असें नाहीं.

आतां चार्जरकडे पाहूं. साध्या यूएसबी तारेंतून ५ व्होल्टची वीज येते आणि घटाची मर्यादा ४.२ ची. या दोहोंच्या मध्यें उपकरणांतील एक नखाएवढें मंडल द्वारपाळाप्रमाणें उभें असतें व घट भरतांच वीज थांबवितें. स्वस्त किंवा बनावट मालांत हा द्वारपाळ कच्चा असतो, आणि कधीं कधीं नसतोच. मोबाइलचे जलद चार्जर ९ व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक देऊं शकतात. चांगला चार्जर उपकरणाची खूण पटल्यावांचून तेवढें देत नाहीं, पण निकृष्ट चार्जरचा भरंवसा कोणी द्यावा? त्यांत घट भरतांना थोडा तापतो हें स्वाभाविकच. उघड्यावर ती ऊब हवेंत निघून जाते. उशीखालीं मात्र ती कोंडते.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनानें २०१७ सालीं या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. २००९ पासून २०१६ पर्यंत वृत्तपत्रादिकांत आलेल्या बातम्यांवरून त्यानें अशा सिगारेटींच्या आगी व स्फोट मिळून १९५ घटना मोजल्या. त्यांत ६१ वेळां वस्तु खिशांत होती, ६० वेळां वापरांत होती, आणि ४८ वेळां ती चार्ज होत होती. १३३ माणसांस इजा झाली. त्यांपैकीं ३८ जणांची गंभीर होती. नळकांड्याच्या आकारामुळें आंतला दाब एका टोंकानें फुटून निघतो, आणि घट दिवाळींतल्या बाणासारखा सुटतो. त्या अहवालांत मृत्यूची नोंद नव्हती. परंतु पुढें २०१८ सालीं फ्लोरिडांत आणि २०१९ सालीं टेक्सासांत अशा स्फोटानें एकेक मनुष्य दगावला.

ब्रिटनमध्यें १ जून २०२५ पासून एकदांच वापरून टाकून द्यावयाच्या व्हेपच्या विक्रीस बंदी झाली. पुन्हा चार्ज होणाऱ्या व पुन्हा भरतां येणाऱ्याच आतां तेथें विकतां येतात. कचऱ्याच्या दृष्टीनें हें योग्यच झालें. पण त्यामुळें चार्जिंगचा प्रश्न तिकडील प्रत्येक वापरणाऱ्याच्या खोलींत आला आहे. म्हणून ज्यांचीं मुलें-नातवंडें परदेशीं आहेत, त्यांनीं पुढील गोष्टी त्यांस अवश्य कळवाव्या.

निजलेल्या घरांत चार्जिंग करूं नये; जागेपणीं, डोळ्यांसमोर करावें. जागा दगडी ओट्याची किंवा फरशीची असावी. जवळ पडदा, कागद, अंथरूण नसावें. तार उपकरणाबरोबर आलेलीच घ्यावी, आणि चार्जर उत्पादकानें सांगितलेलाच. घट भरतांच तार काढावी. थंडींत गारठलेली वस्तु खोलींत आणून थोडा वेळ तशीच ठेवावी आणि मगच चार्जिंगला लावावी. कारण शून्य अंशाखालीं चार्ज केल्यास लिथियम धातुरूपानें साचतें आणि तें पुढें घात करतें. जी वस्तु आपटली, भिजली, फुगली किंवा नेहमींपेक्षां अधिक तापूं लागली, ती पुन्हा चार्ज करूं नये. कांहीं व्हेपमध्यें घट सुटा काढतां येतो. १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब असल्यामुळें त्याला १८६५० म्हणतात. असा सुटा घट किल्ल्या किंवा नाणीं असलेल्या खिशांत कधींही टाकूं नये. धातूनें त्याचीं दोन टोंकें जोडलीं गेलीं कीं तो पेटतो. त्यासाठीं प्लास्टिकची डबी वापरावी. निकामी झालेला घट घरच्या कचऱ्यांत टाकूं नये. ब्रिटनमध्यें असल्या वस्तु विकणारीं दुकानें त्या परत घेतात.

आणि प्रसंग आलाच तर? भिंतींतील बटण प्रथम बंद करावें. लहान ज्वाला असल्यास भरपूर पाणी ओतावें. तें ज्वालेपेक्षांही घट थंड करण्यासाठीं हवें असतें, कारण विझलेला घट पुन्हा पेटूं शकतो. धूर विषारी असतो. तो कोंडूं लागल्यास सारें सोडून सर्वांना बाहेर काढावें व अग्निशामक दलास बोलवावें. भाजलें असल्यास ‘बॅटरीनें भाजलें’ असें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें. त्यांत आंच आणि रसायन अशा दोहोंची इजा असूं शकते.

सुटींत घरीं येणाऱ्या मुलांस आणखी एक गोष्ट सांगावी. भारतांत २०१९ च्या कायद्यानें या सिगारेटींचें उत्पादन, आयात, विक्री, सांठा व जाहिरात यांस मनाई आहे. तेव्हां ती वस्तु सामानांतून इकडे आणूंच नये. आणि इकडे कोणाजवळ ती असेल, तर ती चोरट्या वाटेनेंच आलेली असणार. म्हणजे तिच्यांतील त्या द्वारपाळाची हमी कोणाचीच नाहीं.

आतां उरली ती घरची गोष्ट. नातवानें दुसऱ्या दिवशीं मावशीला सारें सांगितलें. ती रागावली, रडली, आणि मग तिनें स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक चिनी मातीची थाळी ठेवून सांगितलें, “जोंपर्यंत सुटत नाहीं तोंपर्यंत ती येथें, माझ्यासमोर, दिवसां चार्ज करायची.” कांहीं नातलगांस हें फार सैल वाटलें. मला तसें वाटत नाहीं. व्यसन अद्याप पुरतें सुटलेलें नाहीं. निकोटिनाची पकड तशीच असते. परंतु वस्तु उजेडांत आली आहे, आणि उजेडांत आलेली संवय सुटण्याची आशा अधिक असते. आमच्या घरांत मुलें आमचा धाक बाळगतात याचा आम्हां वडीलधाऱ्यांस अभिमान आहे. तो धाक एवढा नसावा कीं, जळती उशी हातीं असतांना मुलानें मावशीचें दार न ठोठावतां सातासमुद्रांपलीकडे आजोबाला फोन करावा.

आज रात्रीं दिवे मालवण्यापूर्वीं घरांतील प्रत्येक अंथरुणाकडे एकदां पाहा. व्हेप नसेल, पण मोबाइल, पॉवर बँक उशापाशीं तारेला लावलेला आढळेलच. तो उचलून ओट्यावर ठेवा. आणि मुलांस विचारावयाचें असेल तें सकाळीं, शांतपणें विचारा.