ती धूळ झाडू नका!

घरोघर जळमटे काढून, भिंतींना रंग देऊन मंडळी फराळाला बसली असता धुळीची बाजू घेऊन भांडायला उभे राहणे हा शुद्ध अप्रसंगीपणा आहे, हे मला कळते. पण माझा राग घरातल्या केरसुणीवर नाही; तो आहे पदार्थसंग्रहालयातल्या ब्रशावर. काही वर्षांपूर्वी एका संग्रहालयात (नाव सांगून कुणाला दुखवीत नाही) उत्खननात सापडलेला एक पाटा मी पाहिला. घासूनपुसून, वर तेलाचा हात फिरवून इतका लखलखीत केलेला, की लगेच मिरच्या वाटायला घ्याव्यात! तेथले गृहस्थ अभिमानाने म्हणाले, "पाहा, मातीचा कणसुद्धा ठेवला नाही." मी मनात म्हटले, महाराज, पोथीची पाने धुऊन टाकलीत आणि आता नुसता पुठ्ठा दाखवता आहात!

कारण सांगते. गवते जमिनीतल्या पाण्याबरोबर सिलिका, म्हणजे वाळूतलेच द्रव्य, शोषून घेतात आणि ती त्यांच्या पेशींत साठून बसते. उसाचे पाते बोट कापते, त्याचे कारण हेच. झाड कुजते, पेशींच्या साच्यात घडलेले हे काचेसारखे कण मात्र हजारो वर्षे मातीत राहतात. त्यांना फायटोलिथ म्हणतात. पिठाचे कणही दगडाच्या खाचेत अडकले, तर टिकतात. नुसत्या डोळ्यांना ही धूळच. पण सूक्ष्मदर्शकाखाली आकारावरून वनस्पती पुष्कळदा ओळखता येते.

या धुळीची थोरवी पाहायची, तर मक्याची कुळकथा ऐका. कोलंबसानंतर अमेरिकेतून जगभर गेलेल्या या धान्याला रानटी पूर्वजच दिसेना. त्याचे दाणे आपण होऊन गळत नाहीत; माणसाने सोलून पेरल्याखेरीज त्याचा वंश चालत नाही. मेक्सिकोत टिओसिंटे नावाचे गवत आहे. आपल्याकडे चाऱ्यासाठी पेरतात ती मकचरी याच जातकुळीची. त्याच्या चिमुकल्या कणसात पाच-दहा दाणे, आणि तेही दगडासारख्या कवचात! १९३९ साली जॉर्ज बीडल म्हणाले, हाच मक्याचा पूर्वज. पॉल मँगल्सडॉर्फ यांना ते मुळीच पटले नाही. मक्याचा मूळ पुरुष मकाच असला पाहिजे, तो रानटी मका आता नामशेष झाला आहे, असे त्यांचे म्हणणे. (आपल्याकडच्या कुळवृत्तांतांत तरी मूळ पुरुष दरिद्री असल्याचे कितीदा वाचले आहे?)

इथे माझ्या विरुद्ध पक्षाच्या हातात मीच एक काठी देते. १९५४ साली मेक्सिको शहराखालच्या खोल गाळातले काही परागकण मक्याचे म्हणून जाहीर झाले. गाळाचे वय सुमारे ८० हजार वर्षे. रानटी मक्याचा पुरावा मिळाला म्हणून जयघोष झाला. पुढे कळले, की मक्याच्या आणि टिओसिंटेच्या परागकणांच्या मापांत पुरेसा फरकच नाही. तेव्हा धूळही फसवते. कबूल! पण यावर उपाय अधिक बारकाईने पाहणे हा आहे. मोरीत ओतून देणे हा नव्हे.

बीडल यांनी म्हातारपणी मका आणि टिओसिंटे यांच्या संकरातून सुमारे ५० हजार झाडे वाढवली. दर पाचशेंत एखादे हुबेहूब मक्यासारखे आणि एखादे हुबेहूब टिओसिंटेसारखे निघाले. म्हणजे दोघांत मोठे फरक मोजकेच. २००२ साली आनुवंशिक तपासणीने बालसास नदीच्या खोऱ्यातल्या टिओसिंटेकडे बोट दाखवले. पण ते खोरे उष्ण आणि पावसाळी. तिथे हजारो वर्षांची कणसे कुठून उरणार? कोरड्या गुहांत शोधणाऱ्यांना सापडलेले सर्वांत जुने कणीस सुमारे ६,२५० वर्षांचे. कणीस हाच पुरावा मानणारे तिथेच थांबले असते. २००९ साली डोलोरेस पिपर्नो आणि अँथनी रानिरे यांनी त्या खोऱ्यातल्या शिवातोश्तला या कपारीतली माती आणि दळण्याचे दगड तपासल्याचे प्रसिद्ध झाले. दगडांच्या खाचांत मक्याचे पिठाचे कण, मातीत मक्याचे फायटोलिथ. वय सुमारे ८,७०० वर्षे. ओळख कशी पटली? टिओसिंटेचे कवच कठीण ठेवणारे जनुकच तिथल्या सिलिकेवरही सत्ता चालवते. माणसाने मऊ कवच निवडले, तसे फायटोलिथही बदलले. ते दगड कुणी आमच्या गृहस्थांसारखे घासले असते तर?

"असेना का गवत! पोळीभाकरी थोडीच अडते?" असे विचारणाऱ्यांना सांगते, अडते. टिओसिंटेची एक बहुवर्षायू जात १९७९ साली शास्त्रज्ञांनी नोंदवली. ती मक्याच्या अनेक विषाणुरोगांना दाद देत नाही. पश्चिम मेक्सिकोतल्या ज्या डोंगरावर ती उगवते, तो १९८७ साली राखीव झाला. ज्याचे नातेच माहीत नाही, ते गवत शेतकरी तण म्हणूनच उपटणार. आपल्याकडे ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खात नाहीत; पाणथळीत आपोआप उगवणाऱ्या देवभाताला त्या निमित्ताने कुणी विचारते तरी. एरवी तळी बुजवताना ते कुणी मोजले आहे?

माझी मागणी मोठी नाही. उत्खननातून पाटा, जाते, वरवंटा निघाला, की तो तसाच, मातीसकट, कागदात गुंडाळून प्रयोगशाळेत पाठवा. आणि प्रदर्शनासाठी धुवायचाच असेल, तर आधी खाचांतली माती बाटलीत भरा, बाटलीवर जागा आणि तारीख लिहा, आणि मग खुशाल घासा.