टिळकांची उरलेली कविता

आषाढीनंतर पंढरपूरहून शेगावी परतणारी गजानन महाराजांची पालखी खामगावात पाहत आणि रविवारी चर्चमध्ये ख्रिस्ती भजने गात आम्ही वाढलो. पेटी, तबला, झांजा दोन्हीकडे त्याच; अभंगाचा छंदही तोच. त्या भजनांवरचे आमचे प्रेम आजही ओसरलेले नाही. म्हणूनच मराठीच्या वर्गात रेव्हरंड ना. वा. टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून दोन वाक्यांत निकालात काढले जाते, तेव्हा आम्हांला संताप येतो.

टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, १९१९ साली ते वारले. मधल्या काळात त्यांनी ख्रिस्तभक्तीचे अभंग आणि पदे लिहिली, तुकोबांचा छंद ख्रिस्ती उपासनेत रुजवला. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. एवढे सारे अभ्यासक्रमाबाहेर का?

हे वाङ्मय नव्हे, धर्मप्रचार आहे, असे उत्तर मिळते. मग तुकोबांची गाथा आपण कोणत्या न्यायाने शिकवतो? अभंग भाषेमुळे वाङ्मय ठरतो की त्यातल्या देवाच्या नावामुळे?

दोष चर्चचाही आहे. कीबोर्डावरच्या भाषांतरित इंग्रजी गाण्यांपुढे तिथेही झांजा मुक्या होत चालल्या आहेत. पण चर्चचे काम उपासनेचे. वाङ्मयाचा न्याय करणे हे काम आपले, मराठीच्या अध्यापकांचे आणि विद्यार्थ्यांचे. कवीचे नाव झाकून टिळकांचा एक अभंग वर्गात वाचून तर पाहा. परका कोण, ते मग ठरवू.