धावपटू आणि त्याचे घड्याळ

सकाळी मैदानावर धावणाऱ्या माणसांकडे जरा लक्ष देऊन पाहा. काही जण धावता धावता सारखे मनगट वर करून पाहतात. त्यांना शाळेला किंवा कामावर उशीर झालेला नसतो. त्यांच्या हातात जीपीएस घड्याळ असते. आपण किती अंतर धावलो, एका किलोमीटरला किती वेळ लागला, हृदयाचे ठोके किती पडत आहेत, हे सगळे ते घड्याळ सांगते. आमच्या शाळेच्या संघातील एका मुलाला त्याच्या मामांनी असे घड्याळ भेट दिले. आठवडाभरात बाकीची मुले मला विचारू लागली, "सर, हे घड्याळ नसेल तर जिल्ह्याच्या स्पर्धेत आमचा नंबर येणार नाही का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. साधे जीपीएस घड्याळ घ्यायचे तरी काही हजार रुपये लागतात आणि नामांकित कंपनीच्या घड्याळाची किंमत वीस-तीस हजारांच्याही पुढे जाते. यंत्रमागावर किंवा हातगाडीवर कमाई करणाऱ्या वडिलांपुढे मुलाने हट्ट धरला, तर घराचा महिन्याचा हिशेब कोलमडतो. म्हणून या घड्याळाला काय येते आणि काय येत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. माझे मत मी सुरुवातीलाच सांगतो. शाळेत असे एक घड्याळ असावे. प्रत्येक मुलाच्या मनगटावर ते असण्याची मुळीच गरज नाही.

जीपीएस ही मूळची अमेरिकेची यंत्रणा. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली आकाशात गेला आणि १९९५ साली ती पूर्णपणे कामाला लागली. हे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रहात अतिशय अचूक घड्याळ असते. उपग्रह रेडिओ संदेश पाठवतो. तो आपल्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला, यावरून आपल्या हातातले घड्याळ त्या उपग्रहाचे अंतर काढते. संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. वेळ मोजताना सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरची चूक होईल! म्हणून जागा ठरवायला तीन उपग्रह आणि आपल्या घड्याळाची वेळ दुरुस्त करायला चौथा, असे निदान चार उपग्रह लागतात. सामान्य माणसाला मिळणारा संदेश पूर्वी मुद्दाम थोडा बिघडवलेला असे. मे २००० मध्ये ती पद्धत बंद झाली. त्यानंतर २००३ साली गार्मिन कंपनीने धावपटूंसाठी 'फोररनर' नावाची घड्याळे बाजारात आणली. आज अशी घड्याळे बनवणाऱ्या अनेक कंपन्या आहेत.

एवढे समजले की घड्याळाच्या चुकाही समजतात. उघड्या मैदानावर ते आपली जागा चार-पाच मीटरच्या फरकाने ओळखते. पण उंच इमारतींच्या गल्लीत संदेश भिंतीवर आपटून उशिरा पोहोचतो आणि घड्याळ आपल्याला पलीकडच्या रस्त्यावर नेऊन ठेवते. बोगद्यात तर संदेश येतच नाही. ४०० मीटरच्या गोल धावपट्टीवरही घड्याळ गोंधळते. ते थोड्या थोड्या वेळाने एकेक ठिकाण नोंदवते आणि ती ठिकाणे जोडून अंतर काढते. त्यामुळे वळणावर हिशेब चुकतो. चुन्याने आखलेली, टेपने मोजलेली धावपट्टी समोर असताना अंतरासाठी मनगटाकडे पाहणे मला तरी चमत्कारिक वाटते.

मोठ्या मॅरेथॉनमध्येही ही गंमत घडते. मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. शर्यत संपल्यावर काही जण तक्रार करतात की आमच्या घड्याळात साडेबेचाळीसच्या वर आले, म्हणजे मार्ग चुकीचा मोजला आहे. पण आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे हा मार्ग सायकलने मोजतात. सायकलच्या चाकाला फेरे मोजणारे यंत्र लावलेले असते. वळणावर सर्वांत जवळच्या रेषेने मोजणी होते आणि मार्ग कमी पडू नये म्हणून दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरतात. धावणारा माणूस मात्र गर्दीत डावी-उजवीकडे जातो, वळण बाहेरून घेतो. त्यात घड्याळाची स्वतःची चूक मिसळते. तेव्हा साधी सायकल उपग्रहापेक्षा खरी ठरते.

मग घड्याळाचा फायदा काय? फायदा आहे, आणि तो मोठा आहे. ज्या गावात मोजलेली धावपट्टी नाही, तिथे हे घड्याळ खरे उपयोगी पडते. कालव्याच्या कडेने, माळावर, डांबरी रस्त्यावर कुठेही एक किलोमीटर साधारण मोजता येतो. पूर्वी आम्ही मोटारसायकलचा काटा पाहून अंतर ठरवत होतो आणि तो काटा फक्त रस्त्यावरच चाले, शेताच्या बांधावर नाही. विचार करण्यासारखी गोष्ट अशी की या घड्याळाची ज्याला सर्वांत जास्त गरज, त्यालाच ते विकत घेणे सर्वांत कठीण.

दुसरा फायदा म्हणजे घड्याळ हळू धावायला शिकवते. तुमच्या वयाची मुले रोजचा सराव शर्यतीसारखा करतात. मित्र पुढे गेला की त्याला गाठायचे, एवढेच त्यांना माहीत असते. लांब पल्ल्याच्या धावपटूला आठवड्यातले बरेच दिवस सावकाश धावावे लागते, नाहीतर पाय दुखावतात आणि शर्यतीच्या दिवशी अंगात ताकद उरत नाही. "आज किलोमीटरला सात मिनिटे, त्याहून जलद नाही," असे ठरवले तर घड्याळ तो शब्द पाळायला मदत करते. शिवाय सगळी नोंद राहते. मागच्या महिन्यात किती धावलो, हे आठवणीने सांगताना माणूस नेहमी थोडे वाढवून सांगतो.

हृदयाच्या ठोक्यांबाबत मात्र सावध राहा. घड्याळाच्या पाठीमागे हिरवा प्रकाश असतो. तो कातडीतून आत जातो आणि रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर कमी-जास्त परत येतो. त्यावरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असेल, हात जोरात हलत असेल, तर मोजणी चुकते. कधी कधी घड्याळ पावलांचा ताल मोजून तेच ठोके म्हणून दाखवते. छातीला बांधायचा पट्टा यापेक्षा भरवशाचा असतो.

त्यातही '२२० वजा वय' हे सूत्र पुष्कळ जण वापरतात. त्याप्रमाणे १५ वर्षांच्या मुलाचे ठोके जास्तीत जास्त २०५. पण हा फक्त सरासरी अंदाज आहे. दोन निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो आणि मुलांच्या बाबतीत हे सूत्र फारसे विश्वासाचे नाही. म्हणून घड्याळाने "तुमचा सराव वाया गेला" असा संदेश दिला, तर रडू नका. "तुम्ही पूर्ण ताजेतवाने आहात" असे सांगितले आणि अंगात ताप असेल, तर धावायला जाऊ नका. ताप आहे की नाही, हे घरात आईला घड्याळाच्या आधी कळते.

नाडी, जिला आपण घरी नब्ज म्हणतो, ती मोजायला पैसे पडत नाहीत. अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटे ठेवा, १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. धावताना सोबत्याशी एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले, तर वेग सावकाश आहे. दोन शब्दांत दम लागला, तर वेग जास्त आहे. ही परीक्षा सोपी आहे आणि तिला चार्जिंग लागत नाही.

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तिथला अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज काही किलोमीटर पायी जात असे. पुढे तो सैन्यात गेला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ८ मिनिटे ११.२० सेकंदांची वेळ देऊन रौप्यपदक मिळवले आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले. अशा दर्जाचे खेळाडू आज सर्व साधने वापरतात आणि वापरावीतच. परंतु त्याचे पाय तयार झाले ते शाळेच्या वाटेवर.

याहून जुने उदाहरण फिनलंडच्या पावो नुर्मीचे आहे. शंभर वर्षांपूर्वी तो हातात स्टॉपवॉच धरून धावत असे. प्रत्येक फेरी सारख्या वेळात पूर्ण करायची, हा त्याचा नियम होता. १० जुलै १९२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने १५०० मीटरची शर्यत जिंकली आणि दोन तासांच्या आत तो ५००० मीटरच्या शर्यतीला उभा राहिला. तो थकला असेल असे समजून प्रतिस्पर्ध्यांनी सुरुवातीपासूनच फार जोराचा वेग धरला. तेव्हा नुर्मीने हातातले स्टॉपवॉच गवतावर फेकून दिले आणि ती शर्यतही जिंकली. स्टॉपवॉच निरुपयोगी होते असा याचा अर्थ नाही. इतकी वर्षे त्याच्याबरोबर सराव केल्यामुळे वेग त्याच्या पायांत उतरला होता. आपल्या घड्याळाकडूनही मला एवढीच अपेक्षा आहे.

आता एक गोष्ट विशेषतः मुलींनी आणि त्यांच्या पालकांनी लक्षात ठेवावी. घड्याळ आपला मार्ग मोबाईलवर पाठवते आणि मोबाईलमधून तो अनोळखी लोकांपर्यंत जाऊ शकतो. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये स्ट्राव्हा या कंपनीने जगभरच्या धावपटूंच्या मार्गांचा नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याच्या ध्यानात आले की सैनिकांच्या धावण्यामुळे त्या नकाशात लष्करी तळ चमकत आहेत. शिस्तीच्या फौजांकडून असे घडले, तर आपल्याकडून का घडणार नाही? रोज एकाच घरापासून, एकाच वेळी सुरू होणारी रेषा म्हणजे आपला पत्ताच. असे अ‍ॅप वापरायचे असेल, तर मार्ग फक्त आपल्यालाच दिसेल अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

शाळेच्या एका घड्याळाचे काय करायचे, तेही सांगतो. सुटीच्या दिवशी एखादा मोकळा, झाडे-इमारती नसलेला, कमी रहदारीचा रस्ता निवडा. तो घड्याळाने चार वेळा मोजा आणि सरासरी काढा. मग दर ५०० मीटरवर कडेच्या दगडाला चुन्याची खूण करा. एकदा खुणा झाल्या की घड्याळ कपाटात गेले तरी चालेल. साध्या स्टॉपवॉचवर पन्नास मुलांचा वर्षभर सराव होईल. चार मोजण्यांत फार फरक आला, तर सायकल आणा. चाकाच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते टेपने मोजा, आरीला लाल दोरा बांधा आणि सायकल हातात धरून चालत फेरे मोजत जा. हे काम गणिताच्या तासालाही करता येईल. दोन मुले फेरे मोजतील, एक वही सांभाळेल आणि एकाने मागून येणाऱ्या गाड्यांकडे लक्ष ठेवावे.