दयेला मोजमाप हवे

मांजर आडवे गेले की चार पावले मागे सरून थांबणारी माणसे आपल्या कोल्हापुरात अजूनही सापडतील. पण तेच मांजर एखाद्या गाडीच्या धक्क्याने रस्त्यावर आडवे पडले असेल, तर त्याच्यासाठी थांबणारी किती सापडतील? महाद्वार रोडवर, मार्केट यार्डात, रंकाळ्याच्या कडेला हे दृश्य तुम्हीही कधी ना कधी पाहिले असेल. काही लोक तोंड फिरवून निघून जातात. काही लोक थांबतात, हळहळतात, वाटीत दूध आणून पुढे ठेवतात आणि घरातली तापाची गोळी कुस्करून त्यात घालतात. पहिल्या प्रकारच्या लोकांविषयी मी आज लिहिणार नाही. मला बोलायचे आहे ते दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे दयाळू माणसांशी. कारण त्या दुधाने अपाय होऊ शकतो आणि त्या गोळीने तर मांजराचा जीवच जाऊ शकतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. दयेने उपचाराला आरंभ होतो, पण केवळ दयेने जखम भरत नाही. जनावराला खरोखर बरे करायचे तर दयेला ज्ञानाची आणि मोजमापाची जोड द्यावी लागते. मी पदार्थविज्ञानाचा अध्यापक आहे, पशुवैद्य नव्हे. म्हणून औषधे आणि शस्त्रक्रिया पशुवैद्यांवर सोपवू. त्यांच्या दारापर्यंत पोचण्यापूर्वी आणि तेथून परतल्यावर आपल्या हाती जे असते, त्याचाच येथे विचार करू.

प्रथम स्वतःचा बचाव

भटके मांजर आणि पाळीव मांजर यांत मोठा फरक आहे. माणसाच्या सहवासाशिवाय वाढलेल्या मांजराला आपला हात म्हणजे शत्रूचा पंजा वाटतो. त्यात हाड मोडल्याची वेदना असेल, तर ते चावणार आणि ओरबाडणारच. मांजरीचे दात तिच्या पिलांना लागत नाहीत अशी म्हण आहे. पण आपण तिची पिले नव्हे, हे विसरू नये!

म्हणून जखमी मांजर दिसताच एकट्याने त्याला उचलू नका. घरातील किंवा शाळेतील मोठ्या माणसाला बोलवा. जाड घोंगडीचा तुकडा किंवा टॉवेल मांजरावर अलगद पसरला की अंधार होतो आणि ते बरेच शांत होते. मग त्याच्या अंगाखाली जाड पुठ्ठा किंवा फळी सरकवून, शरीर न वाकवता, ते हवेशीर खोक्यात किंवा फळांच्या क्रेटमध्ये ठेवावे. पाठीच्या मणक्याला इजा असेल, तर हातात लोंबकळत नेण्याने ती वाढते.

एवढे करूनही दात किंवा नख लागलेच, तर ती जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. साबणच का? रेबीजच्या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साबण ते आवरण मोडतो. त्यानंतर लगेच सरकारी रुग्णालयात जाऊन डॉक्टर सांगतील तेवढ्या लशी न चुकता टोचून घ्याव्यात. लुई पाश्चर यांनी १८८५ च्या जुलैमध्ये एका मुलाला ही लस प्रथम दिली. आजही रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. पण चावल्याबरोबर लस घेतली तर हा रोग टळतो. तेव्हा घरी रागावतील म्हणून चावा लपवू नका.

एक पेला रक्त आणि एक गोळी

मांजर हा लहान माणूस नव्हे, हे समजायला थोडे गणित करू. मांजराच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ६० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे ३ किलोच्या मांजरात अवघे १८० मिलिलिटर, पुरता एक पेलाही नाही! रस्त्यावर ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे रक्त सांडलेले दिसले, तर आपण म्हणतो, "फार नाही लागले." पण तो त्याच्या रक्ताचा सहावा हिस्सा आहे. मोठ्या माणसाच्या हिशेबाने ते सुमारे ७०० मिलिलिटर झाले. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरून तातडीने पशुवैद्य गाठावा, तो यासाठी.

आता त्या गोळीकडे वळू. आपल्या घरोघरी असणारी पॅरासिटामॉलची गोळी माणसाच्या यकृतात विकरांच्या साहाय्याने निरुपद्रवी होते आणि लघवीवाटे बाहेर पडते. हे काम करणारे एक महत्त्वाचे विकर बनवण्याची सूचना मांजराच्या जनुकांत मोडकी असते. त्यामुळे औषधापासून घातक पदार्थ तयार होतात. ते रक्तातील हिमोग्लोबिन बिघडवतात, आणि असे हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, श्वास लागतो आणि एका गोळीनेही मांजर दगावू शकते. तीच गोष्ट फिनेलसारख्या जंतुनाशकांची. जखमेवर लावलेले सर्व काही मांजर चाटते, हे ध्यानात ठेवावे.

दूधही नकोच. पुष्कळ प्रौढ मांजरांना दुधातील साखर पचत नाही. शिवाय लगेच भूल द्यावी लागली, तर भरल्या पोटी उलटी होऊन अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. पशुवैद्यांना विचारल्याखेरीज काही भरवायचे नाही, हा सोपा नियम पाळावा.

शस्त्रक्रियेच्या टेबलावरील पदार्थविज्ञान

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या वाहनतळात एका भटक्या मांजरीला दुचाकीची धडक बसली. मागचा उजवा पाय लोंबत होता. पशुवैद्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वजन किती?" चवताळलेली मांजर काट्यावर बसणार कशी? आमच्या विद्यार्थ्यांनी पिंजऱ्यासह वजन केले, ते ७.४ किलो भरले. रिकाम्या पिंजऱ्याचे वजन ४.६ किलो होते. वजाबाकी २.८ किलो! भुलेचे औषध दर किलोमागे मोजून द्यावयाचे असते; म्हणून ही साधी वजाबाकी तेव्हा फार मोलाची ठरली.

मग क्ष-किरण चित्र काढले. व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये शोधलेले हे किरण हाडात अधिक शोषले जातात, कारण हाडात कॅल्शियम असते. मांसात मुख्यतः हायड्रोजन, कार्बन, प्राणवायू अशी हलकी मूलद्रव्ये असतात. मांडीचे हाड मधोमध मोडले होते. त्याच्या पोकळीत पोलादी सळई बसवायचे ठरले. प्रत्येक अस्थिभंगाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. कमरेच्या हाडांचे कित्येक भंग नुसत्या पिंजऱ्यातील विश्रांतीने सांधतात. पण कोणता भंग कशाने सांधेल, हे चित्रावरूनच कळते. बाहेरून चाचपून ठरवू नये.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही तास धोक्याचे असतात, आणि त्यामागे निव्वळ भूमिती आहे. ६० किलोचा माणूस ३ किलोच्या मांजराहून २० पट जड. आकार सारखाच मानला, तर त्याचे पृष्ठफळ मात्र फक्त सुमारे ७.४ पट होते. म्हणजे दर किलोमागे मांजराचे पृष्ठफळ माणसाच्या २.७ पट! उष्णता पृष्ठभागातून निसटते. म्हणून लहान शरीर लवकर थंड होते. त्यात भुलेमुळे कुडकुडणे थांबलेले, केस भादरलेले आणि कातडीवरील स्पिरिट बाष्पीभवन होताना उष्णता घेऊन गेलेले. मांजराचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियस असते, आपल्याहून अधिक. ते घसरू नये म्हणून उबेची गरज असते. पण गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावली, तर शुद्धीवर नसलेला प्राणी बाजूला सरकू शकत नाही आणि भाजतो. पिशवीभोवती टॉवेल गुंडाळावा, ती एका बाजूसच ठेवावी आणि मधूनमधून हात लावून पाहावी.

सहा आठवड्यांचा वाद

घरी आणल्यावर खरी परीक्षा सुरू होते. आमच्या मांजरीला एका रिकाम्या खोलीत मोठ्या पिंजऱ्यात ठेवले. आत लपायला एक खोके, वर चादर. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात नरसाळ्याच्या आकाराची कॉलर. वेळेवर अन्न आणि पाणी, दिवसाकाठी मळाची पाटी साफ करणे, आणि एरवी कोणीही तिच्याकडे फिरकायचे नाही. कुरवाळणे तर नाहीच. आपली माया तिला छळ वाटते. एका वहीत रोज चार गोष्टी लिहायच्या : किती खाल्ले, लघवी व शौच झाली का, विश्रांतीत मिनिटाला श्वास किती, जखम कशी दिसते. आठवड्यातून एकदा वजन. मांजर वेदना लपवण्यात पटाईत असते. त्यामुळे नुसत्या डोळ्यांना जे दिसत नाही, ते वहीतील आकडे सांगतात. मांजराने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर यकृतात चरबी साठून नवेच संकट उभे राहू शकते, आणि ही सूचना आकड्यांतूनच वेळेवर मिळते.

अठराव्या दिवशी मांजर चारही पाय टेकू लागली आणि रात्रभर जाळीला धडका देऊ लागली. विद्यार्थ्यांत दोन तट पडले. एक म्हणे, "सर, ती बरी झाली. स्वतंत्र प्राण्याला कोंडून ठेवणे क्रूरपणा आहे." दुसरा म्हणे, "मुदत संपलेली नाही." माझे मत दुसऱ्या तटाकडे होते आणि आजही आहे. सळई हाडाला धरून ठेवते, जोडत नाही. जोडण्याचे काम शरीर करते. प्रथम रक्ताची गाठ, मग मऊ कूर्चा, मग कच्चे हाड आणि शेवटी पक्के हाड, असे ते क्रमाने होते. वेदना आधी जाते, बळकटी मागून येते. पहिल्या भिंतीवरून उडी मारताच ते कच्चे हाड पुन्हा मोडले असते. पण म्हणून पहिल्या तटाचा प्रश्न खोटा ठरत नाही. तिला ते कोंडणे नको होते, हे उघड आहे. म्हणूनच असा त्रास देण्याचा आपल्याला अधिकार केव्हा मिळतो? मला वाटते, तो त्रास किती दिवसांचा आणि कशासाठी, हे मोजून सांगता येते तेव्हाच. सहाव्या आठवड्यातील क्ष-किरण चित्रात हाड सांधलेले दिसले आणि सळई काढली. सुटकेचा दिवस त्या चित्राने ठरवला, कोणाच्या कळवळ्याने नव्हे.

याच न्यायाने आणखी एक कठीण गोष्ट सांगायला हवी. कधी मज्जारज्जूच तुटलेला असतो आणि बरे होण्याची आशा नसते. तेव्हा वेदनारहित मरण देण्याचा सल्ला पशुवैद्य देतात. तो ऐकणे हाही दयेचाच भाग आहे.

हा खटाटोप कशासाठी?

"माणसांना औषध मिळत नाही, तेथे मांजरावर शस्त्रक्रिया?" हा प्रश्न तुम्हाला ऐकावा लागेल. तो चुकीचा नाही. पैसा आणि वेळ मर्यादित असतात. पण रस्ते आपले, वाहने आपली, आणि आपल्या गोदामांतील उंदरांवर व उकिरड्यांवर जगणारी ही मांजरेही एका अर्थी आपल्याच वसाहतीची रहिवासी आहेत. धक्का आपण दिला असेल, तर हातही आपणच द्यायला हवा. आणि एकीला वाचवताना तिची नसबंदी करून घेतली, तर पुढच्या कितीतरी पिलांचे रस्त्यावरचे हाल टळतात. मांजरीचा गर्भकाळ अवघा नऊ आठवड्यांचा असतो. ती सहाव्या महिन्यातही विऊ घालू शकते. मांजरे पक्षी मारतात, हेही खरे आहे. म्हणून नसबंदी पक्ष्यांच्याही हिताची.

दया आणि ज्ञान यांची ही सांगड नवी नाही. मुंबईत परळला १८८० च्या दशकात बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने प्राण्यांचे रुग्णालय निघाले आणि १८८६ साली तेथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. नुसती दयेची इमारत पुरत नाही, शिकलेले हातही लागतात, हे त्या लोकांनी ओळखले होते. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत प्राण्यांची बाजू मांडली आणि १९६० साली प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये संविधानात आली. त्यांत प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगण्याचे कर्तव्य आहे आणि त्याच्या लगेच पुढचे कर्तव्य वैज्ञानिक दृष्टी वाढवण्याचे आहे. शाळेत आपण ती यादी पाठ करतो. पण ही दोन कलमे एकत्र वाचत नाही. ती एकत्र वाचावीत, एवढाच माझा आग्रह आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक सूचना करतो. प्रत्येक शाळेच्या विज्ञान मंडळाने एक मजबूत हवेशीर खोके, एक जाड घोंगडी, चामडी हातमोज्यांचा जोड, एक वजनकाटा आणि एक कोरी वही तयार ठेवावी. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक फळ्याशेजारी लावावा. हातमोजे शिक्षकांनी घालावेत, वही विद्यार्थ्यांनी लिहावी. खर्च फार नाही. आणि विद्यार्थिमित्रहो, बऱ्या झालेल्या मांजराकडून कृतज्ञतेची अपेक्षा धरू नका. पिंजरा उघडताच ते मागे वळूनही न पाहता कुंपणापलीकडे जाईल. ते चारही पायांवर पळत गेले, याची नोंद वहीत करा आणि नव्या पानावर पुढची तारीख घाला.