प्रतिभेचे शिबिर की रोजचा राबता?

कल्पकता दोन दिवसांच्या शिबिरात शिकविता येते, असा एक समज आपल्या सुशिक्षित समाजात सध्या बळावत आहे. कारखानदार व्याख्याते बोलावितात, व्याख्याते चाकोरी सोडण्याचा उपदेश करतात, श्रोते टाळ्या वाजवितात आणि तिसऱ्या दिवशी सारेजण त्याच चाकोरीत परत येतात. ह्याच्या जोडीला एक जुना समजही आहेच: प्रतिभा ही दैवी देणगी, जिला ती लाभली त्या व्यक्तीस सवयीचे जोखड नको. हे दोन्ही समज एकाच आळसाची अपत्ये आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. एकाला कष्ट दोन दिवसांत उरकावयाचे असतात. दुसऱ्याला ते मुळीच नको असतात.

रायपूरच्या उत्तरेस, बिरगावजवळच्या उरल्याकडे पाहावे. ही लोखंड-पोलादाच्या कारखान्यांची वसाहत. रोलिंग मिलमध्ये भट्टीतून निघालेल्या पोलादाच्या रंगावरून मुरलेला कामगार त्याचे तापमान ताडतो. रुळांच्या खाचा झिजू लागल्या की सळईची जाडी बदलते. मापयंत्र हाती घेण्यापूर्वीच त्याला संशय येतो. ही दृष्टी कोणत्या शिबिरात मिळाली? तेच काम रोज पाहावे, आजचे कालच्याशी ताडावे आणि फरक दिसताच 'असे का?' म्हणून विचारावे, ह्या सवयीने ती दिली.

हे केवळ हातांच्या कामापुरतेच खरे आहे, असे कोणी म्हणेल. त्यांनी दामोदर धर्मानंद कोसंबींचे स्मरण करावे. १९०७ साली गोव्यात जन्मलेला हा गणिती तराजू घेऊन बसला आणि त्याने हजारो नाणी एकेक करून तोलली. हातोहात फिरताना नाणे झिजते, त्याचे वजन घटते. तेव्हा ह्या घटीवरून प्राचीन नाण्यांचा कालानुक्रम लावता येईल, हा त्यांचा विचार. तो पडताळण्यासाठी त्यांनी चलनातली साधी नाणीही तोलली. पुण्याभोवतीच्या टेकड्या त्यांनी पायी तुडविल्या, दगडी हत्यारे वेचली, खेडुतांच्या देवदेवतांची विचारपूस केली. इतिहासाकडे पाहण्याची त्यांची नवी रीत ह्या पायपिटीवाचून सिद्ध झाली नसती.

आणि कवीचे काय? गजानन माधव मुक्तिबोध १९५८ साली आमच्या शेजारच्या राजनांदगावी अध्यापक म्हणून आले. घरची भाषा मराठी, लेखनाची हिंदी. त्यांनी कलेचे तीन क्षण मानले. पहिला उत्कट अनुभवाचा, दुसरा तो अनुभव स्वतःच्या दुःखापासून सुटून कल्पनारूप घेण्याचा. पण तेथे ते थांबले नाहीत. ते रूप शब्दांत उतरविण्याची सारी खटपट हा त्यांचा तिसरा क्षण. म्हणजे खुद्द कवीनेच श्रमाला निर्मितीच्या गाभ्यात जागा दिली.

सवयीने माणूस यंत्र बनतो, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. तो अर्धाच खरा आहे. प्रश्न काढून घेतलेली सवय माणसाला यंत्र बनविते; प्रश्नासहित असलेली सवय त्याला शोधक बनविते. तेव्हा दोष सवयीचा नसून प्रश्न काढून घेणाऱ्याचा आहे. 'तू काम कर, विचार आम्ही करू' असे जेथे कामगाराला सुनावले जाते, तेथे कल्पकतेचा दुष्काळ ओढवून घेतलेला असतो. मग बाहेरून व्याख्याता आणून तो कसा हटावा? जपानच्या टोयोटा कारखान्याने १९५१ साली कामगारांकडून सूचना मागविण्याची पद्धत सुरू केली आणि ती नेटाने चालविली. तेथे विचार हा रोजच्या कामाचा भाग झाला.

आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक पाळीसाठी एक वही असावी. काय बिघडले, कशाने सुधारले, हे कामगाराने आपल्या भाषेत, मग ती छत्तीसगढी का असेना, तीत लिहावे. लिहिता न येणाऱ्याचे दुसऱ्याने लिहून घ्यावे. सूचनेखाली सुचविणाऱ्याचे नाव राहावे आणि आठवड्याच्या आत तिला उत्तर मिळावे. नकार असल्यास तो कारणासहित असावा.

आणि रायपुरातील आपल्या मराठी मंडळींनी? प्रतिभेवरील व्याख्यानासाठी दर वेळी पुण्या-मुंबईच्या वाटेकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही. एखाद्या सभेत उरल्याच्या रोलिंग मिलमधील कामगाराला व्यासपीठावर बसवावे आणि आपण खाली बसून ऐकावे. ज्या समाजाला हे कमीपणाचे वाटते, त्याने कल्पकतेच्या नावाने गळा काढू नये.